जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स: चार हजार घालू की विकू?

प्रेषक: मंजू, कँटन

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कार्यक्रमाचं नाही, गाडीचं विचारायचं आहे. इथे डेट्रॉईटकडे आपल्यातले निम्मे लोक गाड्यांच्याच कंपन्यांत आहेत म्हणून हिंमत करते.

आमची २००७ची मिनीव्हॅन. व्ही-सिक्स इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, १,६८,००० मैल झालेत. गेले काही महिने ताशी ४० ते ५० मैलांवर एकसारखी चालू असताना मधूनच दोन-तीन सेकंद सगळी गाडी थरथरते, रस्त्याच्या कडेच्या खाचांच्या पट्टीवर (रंबल स्ट्रिप) चाक गेल्यासारखी. गॅसचं पॅडल जोरात दाबलं की थांबते. सकाळी गार असताना काही नाही, वीसेक मिनिटं चालली की सुरू. शिवाय पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाकताना खालून ‘धप्’ असा आवाज येतो. परवा चेक इंजिनचा दिवाही लागला.

जवळच्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) गेलं, रीबिल्ड करावं लागेल, म्हणजे उघडून नव्याने बांधावं लागेल, ४,२०० डॉलर. गाडी विकली तर तेवढेही येणार नाहीत. पण गणपतीचं मखर आणि ढोल दरवर्षी याच व्हॅनमधून जातात, आणि पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत. काय करावं?

मंजू

प्रेषक: बंड्या, नोव्हाय

वहिनी, विकून टाका. एवढ्या मैलांच्या गाडीत चार हजार घालायचे नाहीत.

आणि कुणी ट्रान्समिशनचं ऑइल बदला म्हणालं तर अजिबात ऐकू नका. माझ्या रूममेटने बदललं आणि आठवड्यात गाडी टो करून न्यावी लागली. जुन्या गाडीला जुनंच ऑइल मानवतं.

मखरासाठी माझी गाडी आहेच, पण त्यात फक्त कमान बसेल.

बंड्या

प्रेषक: अण्णा, ट्रॉय

मंजू, विकायची घाई करू नकोस आणि चार हजारही देऊ नकोस. निवृत्त होईपर्यंत मी गिअरबॉक्सच्या कॅलिब्रेशनमध्येच (गिअर कधी, कसे बदलायचे ते कंप्युटरमध्ये बसवण्याच्या कामात) होतो. एका चकरीत ‘ट्रान्समिशन गेलं’ हे मीही सांगू शकलो नसतो. नक्की काय गेलं हे आधी विचारायचं. तू लिहिलेल्या लक्षणांत मला दोन वेगळ्या तक्रारी दिसतात, त्या एकत्र धरू नयेत.

आधी थरथर. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि ताकद त्यातल्या तेलातून पलीकडे जाते. यात थोडी घसरण कायमची, म्हणजे पेट्रोलचा अपव्यय. म्हणून कन्व्हर्टरच्या पोटात एक क्लच बसवतात. गाडी गरम झाली, वेग स्थिर झाला, पॅडल हलकं असलं की कंप्युटर हा लॉकअप क्लच लावतो आणि दोन्ही बाजू एकजीव होतात. जोरात दाबलंस की तो सोडतो. आता तुझी लक्षणं परत वाच: गरम झाल्यावर, स्थिर वेगाला, दाबलं की थांबते. मला पहिला संशय त्या क्लचचाच येतो.

(ही युक्ती नवी नाही. पॅकार्ड कंपनीच्या १९४९च्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये असा क्लच होता, आपल्याच डेट्रॉईटमध्ये. त्याच काळातला ब्युइकचा डायनाफ्लो सगळं तेलावर सोडायचा. चालायला लोण्यासारखा, पेट्रोल प्यायला राक्षस. १२ ऑगस्ट १९५३ला लिव्होनियातला हायड्रामॅटिकचा, म्हणजे कॅडिलॅकच्या नेहमीच्या गिअरबॉक्सचा, कारखाना जळाला, तेव्हा काही काळ कॅडिलॅकवाल्यांना तोच डायनाफ्लो बसवून घ्यावा लागला. जळालेल्या कारखान्याचं काम मग तुझ्या शेजारच्या विलो रनला गेलं. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.)

संशय तपासायचा असा. पंधरा-वीस मैल चालव. मग मागे कुणी नाही असा सरळ रस्ता बघून, थरथर सुरू होताच उजवा पाय पॅडलवर तसाच ठेव आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर. ब्रेकचे दिवे लागतील एवढाच, गाडी थांबवायची नाही. ब्रेकचा स्विच दबला की कंप्युटर लॉकअप सोडतो. त्याच क्षणी थरथर गेली, तर दोष कन्व्हर्टरच्या क्लचच्या बाजूला. तरीही सुरू राहिली तर चाकं, एक्सल, इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते रबरी आधार) तिकडे बघायचं. शेजारी कुणाला तरी बसव, टॅकोमीटर (इंजिनचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) त्याला बघू दे.

यात एक मेख आहे. एखादी इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारी) मधूनमधून चुकत असेल, म्हणजे मिसफायर होत असेल, तर तीही लॉकअप लागल्यावरच जास्त जाणवते, कारण मधली तेलाची गादी गेलेली असते. ब्रेकला स्पर्श केला की तीही लपते. म्हणून चेक इंजिनचे कोड हवेतच. १९९६ नंतरच्या इथल्या प्रत्येक गाडीला ओबीडी-टूचं, म्हणजे बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट असतं, पार्ट्सच्या दुकानात फुकट वाचून देतात. पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०६ (मिसफायरचे कोड) निघाला तर आधी प्लग आणि कॉइल. पी०७४० किंवा पी०७४१ निघाला तर लॉकअप. नुसता पी०७०० निघाला तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या कंप्युटरला विचारा’ एवढाच, त्यासाठी चांगला स्कॅनर लागेल. कोड वाचायच्या आधी बॅटरी काढायची नाही, सगळा पुरावा पुसला जातो.

गिअरबॉक्स खरंच संपला असेल तर काय दिसतं, तेही सांगतो. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना आरपीएम उगाच उसळतात आणि वेग तिथेच राहतो. रिव्हर्समध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते. कुठलाही वेग असो, एकाच गिअरमध्ये अडकून राहते. यातलं काही आहे का?

डिपस्टिक असेल तर पांढऱ्या टिश्यूवर तेलाचा थेंब घे. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून पातळी बघतात, पण होंडासारख्यांत इंजिन बंद करून लगेच. मॅन्युअल वाच. लाल असलं तर उत्तम. तपकिरी म्हणजे म्हातारं. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच जळालेत. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच उभी कर, रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय.

‘धप्’ आवाजाचं म्हणशील तर तो बहुधा इंजिन माउंट. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून ठेवून डी (ड्राइव्ह) आणि आर (रिव्हर्स) असं फिरव. बाजूला उभं राहून कुणी तरी इंजिन किती उसळतं ते बघू दे. समोर उभं राहायचं नाही.

अण्णा

प्रेषक: मंजू, कँटन

अण्णा, सगळं केलं. यांना शेजारी बसवून एम-१४ हायवेवर गेलो.

ब्रेकला पाय लागला की थरथर झटक्यात बंद, सोडला की परत. प्रत्येक वेळी तसंच. थरथरताना काटा शे-दीडशेने वरखाली होतो म्हणे. कोड एकच निघाला, पी०७४१. मिसफायरचा एकही नाही. रिव्हर्स लगेच लागतो, गिअर बदलताना काही उसळत नाही. तेल चहासारखं तपकिरी, जळका वास नाही. आणि इंजिन डी-आर करताना एका बाजूने चांगलं दोन बोटं उचललं जातं, यांनी व्हिडिओ काढलाय.

मागचे मालक म्हणाले होते, तेल ‘लाइफटाइम’ आहे, बदलायची गरज नाही. म्हणजे कधीच बदललेलं नाही.

मंजू

प्रेषक: अण्णा, ट्रॉय

लाइफटाइम म्हणजे वॉरंटीचा लाइफटाइम.

तुझा गिअरबॉक्स जिवंत आहे. तेल संपलंय. ऑटोमॅटिकच्या तेलात घर्षण सांभाळणारी रसायनं असतात. ती झिजली की क्लच धरतो, सुटतो, धरतो, सुटतो, तीच तुझी थरथर. पूर्वी या कामाला चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनवाल्यांची तारांबळ उडाली.

बंड्याच्या रूममेटबद्दल. लोक तेल कधी बदलतात? गिअर घसरायला लागल्यावर. तोवर क्लच गेलेलेच असतात, आठवड्याने गाडी बंद पडते आणि आळ येतो नव्या तेलावर. एक गोष्ट मात्र मी मानतो: एवढ्या जुन्या गाडीत मशीन लावून सगळं तेल एका दमात फिरवून काढू नये. वर्षांचा गाळ हलतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअरबॉक्समध्ये तेल इकडेतिकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन बसतो. नुसतं खालचं बूच काढून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं, एका फेरीत निघत नाही.

तुझ्या गाडीत आठेक क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) मावत असेल आणि बुचातून तीन निघत असेल असं धर. एका फेरीनंतर जुनं पाच-अष्टमांश उरतं, तीन फेऱ्यांनंतर साधारण चोवीस टक्के. मधे काही दिवस गाडी चालवायची. नऊ क्वार्ट तेलाला शंभर डॉलरच्या आत-बाहेर खर्च. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच घ्यायचं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेली बाटली थरथरीच्या तक्रारीत मी घेत नाही.

काही सूचना. आधी भरायचं बूच सैल होतं का बघ, मगच खालचं काढ. नाहीतर तेल काढून बसाल आणि भरायला वाट नाही. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडी पेस्ट असणारच, घाबरू नका. धातूचे तुकडे किंवा सुया दिसल्या तर फोटो पाठव, मग वेगळं बोलू. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, स्टँड हवेत.

यानेही गेलं नाही तर पुढचा संशय लॉकअपचा सोलेनॉइड (क्लचकडे तेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), त्यानंतर कन्व्हर्टर. कन्व्हर्टरसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा मीही म्हणेन विका.

अण्णा

प्रेषक: कुमार, फार्मिंग्टन हिल्स

अण्णांना दुजोरा. माउंटसाठी मात्र दुसऱ्या गॅरेजात जा आणि ‘ट्रान्समिशन’ हा शब्द उच्चारू नका. ‘माउंट बदलायचाय, किती?’ एवढंच. आणि रीबिल्ड सांगणाऱ्या कुणालाही विचारा: कोड कोणता निघाला, लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब) किती मोजलं? जो नुसता चक्कर मारून आकडा सांगतो त्याला या दोन्हींचं उत्तर देता येत नाही.

कुमार

प्रेषक: मंजू, कँटन

अण्णा, तिन्ही फेऱ्या झाल्या. चुंबकावर फक्त पेस्ट. पहिल्या फेरीनंतर फरक अगदी थोडा होता, यांचा धीर सुटायला लागला होता. दुसरीनंतर थरथर निम्म्यावर आली. आता चढावर हलका पाय असेल तर क्वचित एखादा झटका, बाकी काही नाही. कोड पुसला, परत आलेला नाही. माउंट नवा बसवला, ‘धप्’ पूर्ण बंद.

तो उरलेला झटका चालवून घेऊ का?

मंजू

प्रेषक: अण्णा, ट्रॉय

चालवून घे, पण क्लच थोडा झिजलाय हे धरून चाल. वर्षाने परत एक फेरी. मखर आणि ढोल खुशाल ने. मागे ट्रेलर जोडून कुठे लांब जायचं नाही, त्यात तेल तापतं आणि तापलं की झपाट्याने म्हातारं होतं. पी०७४१ परत आला तर लगेच कळव. आणि सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसव, त्यांना टॅकोमीटर बघायला सांग.

अण्णा

प्रेषक: बंड्या, नोव्हाय

अण्णा, सहज विचारतो. माझ्या गाडीत सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, ९०,००० मैल झालेत, तेल कधीच बदललेलं नाही. मंजू वहिनींचं थोडं तेल उरलंय म्हणतात, तेच घालू का?

बंड्या

प्रेषक: अण्णा, ट्रॉय

नको! सीव्हीटीत ठरावीक गिअर नाहीत, पट्टा आणि पुली आहे, त्याचं तेल वेगळंच असतं. त्यात हे लाल तेल घातलंस तर पट्टा घसरेल आणि ४,२०० सुद्धा पुरणार नाहीत. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो काढ आणि नवा धागा सुरू कर, विषय नीट लिही. रूममेटला विचारू नकोस.

अण्णा