आवडता जुना सिनेमा पुन्हा बघून हिरमोड झालाय का?

फुलवात:
भाच्याने फोनला, पूर्वी फोनलाइनवरून नेट जोडणाऱ्या मोडेमच्या किरकिरीची रिंगटोन लावलीय. ती ऐकली आणि 'यू'व्ह गॉट मेल' आठवला. १९९८चा, टॉम हँक्स आणि मेग रायनचा, नावं न सांगता एकमेकांना ईमेल करणाऱ्या दोघांचा. कॉलेजात पारायणं केली होती. काल हौसेने लावला आणि पार विरस झाला. अहो, हा माणूस आपल्या अवाढव्य पुस्तक-साखळीने तिच्या आईने उभं केलेलं पुस्तकांचं दुकान बुडवतो! रिकाम्या दुकानातून निघताना ती दारावरची घंटी काढून घेते, तिथे तेव्हाही रडले होते, कालही रडले. ईमेलवरची ती हीच, हे त्याला मधेच कळतं, तर सांगायचं सोडून सर्दीने बेजार झालेल्या तिच्याकडे डेझीची फुलं घेऊन हजर! तेव्हा तिथेच विरघळले होते. काल नाही जमलं. तुमचं असं कशावरून मन उडालंय?

तिरपागडा:
दुकानाचं सोडा, दोघांचेही जोडीदार घरात आहेत. तिचा तो बाहेर पडला रे पडला की ही लॅपटॉपकडे धावते. बायकोबरोबर बघितला, तेव्हापासून माझा फोन वाजला की "कुणाचा मेल?"

मधली:
मोडेमचं नाव नका काढू!! मी नेटवर बसले की आईला नेमका मावशीला फोन करायचा असायचा. निकाल अर्धा उघडलेला आणि लाइन कट. मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते

जुनं खोड:
ज्यावर बेतलाय तो १९४०चा बघा, दिग्दर्शक लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. बुडापेस्टमधल्या एकाच दुकानात दोघं नोकरीला. तिथेही त्याला आधी कळतं, तोही तिला झुलवतोच. पण दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या पोटावर पाय देत नाही. गोम तिथेच आहे. 'यू'व्ह गॉट मेल'ची दिग्दर्शक नोरा एफ्रॉन हिने मेग रायनच्या दुकानाला तेच नाव दिलंय.

कंटाळेश्वर:
मी पाहिला नाहीये. कुत्रा आहे ना त्यात?

फुलवात:
ब्रिंकली! काल तेवढा एकटाच पूर्वीइतका आवडला.

तिरपागडा:
फुलवातताई, तुमच्या समाधानासाठी: ऑनलाइन विक्रीपुढे बॉर्डर्ससारखी पुस्तकांच्या दुकानांची अवाढव्य साखळीसुद्धा २०११मध्ये गुंडाळली. म्हणजे हँक्ससाहेबही एव्हाना घरीच बसले असणार.

मधली:
आले. म्हणजे आता दोघंही बेकार, वर कुत्रा 😂

जुनं खोड:
ती रिंगटोन कशी लावायची, कुणी सांगेल का?