प्राथमिक शाळेत पुस्तकाबाहेर काय शिकलात? (अनुभव धागा)

लेक तिसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. परवाच्या पालकसभेत एका वडिलांनी उभं राहून विचारलं, "शनिवारी दप्तर नाही, मध्येच बालबाजार, मध्येच परसबाग. मग अभ्यास कधी करणार?" बाईंनी 2024 सालच्या आनंददायी शनिवारच्या शासन निर्णयाबद्दल सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. मोलमजुरी करून मुलाला शिकवणाऱ्या माणसाला शाळेचा एकेक तास मोलाचा वाटणारच. मलाही तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढलाय. पहिली ते चौथीत पुस्तकाबाहेरचं काय केलंत आणि त्यातलं अभ्यासात काय उतरलं? 'मजा यायची' एवढ्यावर थांबू नका, नेमकं घडलं ते लिहा.

शिक्षिका, सांगोला तालुका

बालबाजाराबद्दल लिहिते. माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. फळ्यावर हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल खाली ठेवायचा. 50 वजा 34 दिलं की उत्तर हमखास 24. बाजाराच्या दिवशी त्याने घरची मेथी, शेवगा आणि लिंबं आणली होती. मी मुद्दाम त्याच्याकडे गेले, 34 रुपयांची भाजी घेतली आणि पन्नासची नोट दिली. त्याने माझ्या तळहातावर एक रुपया ठेवला, म्हणाला "पस्तीस". मग पाचचं नाणं, "चाळीस". मग दहाची नोट, "हे पन्नास. घ्या बाई."

मी पिशवी धरून तिथेच उभी राहिले. पोराला वजाबाकी येत होती. तो पुढे मोजत जात होता आणि मी वर्षभर त्याला मागे ओढत होते. सोमवारी फळ्यावर आडवी रेघ मारली, 34 पासून 50 पर्यंत, आणि त्यावर 1, 5, 10 अशा त्याच्याच उड्या काढल्या. मग खेळातल्या नोटा घेऊन दशक सुटा करायला लावला. उभ्या मांडणीत हातचा जमायला आणखी तीन आठवडे गेले. पण बाजार भरला नसता तर 'याला गणित येत नाही' हा माझा समज तसाच राहिला असता. बाजार झाल्यावर वर्गात त्यावर बोलायला वेळ मात्र ठेवायला हवा, नाहीतर ती फोटोपुरती जत्रा होते.

पालक, पुणे

आमच्याकडे प्रश्न संख्यावाचनाचा होता. मुलगी 'सत्तावीस' ऐकून आधी 7 लिहायची, मग 2. मराठीत एकक आधी उच्चारतो, त्यामुळे ती ऐकू येईल तसंच लिहीत होती. 2019 साली दुसरीच्या नव्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या पाठ्यपुस्तक समितीवर होत्या आणि त्यांनी या पद्धतीची बाजू मांडली होती. माझ्या मुलीला तरी तिचा उपयोग झाला. बाई दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून घ्यायच्या. दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या हातात धरून ती 'वीस सात, म्हणजे सत्तावीस' असं म्हणायची. 'सत्तावीस' कुठेही हरवलं नाही.

शिक्षक, मेळघाट

पहिलीला येणाऱ्या माझ्या पोरांच्या घरी कोरकू बोलतात. पाण्याला त्यांचा शब्द वेगळाच. मी पहिल्या वर्षी 'पाणी' शिकवत राहिलो आणि पोरं गप्प बसून राहिली. मग एका आजीला शाळेत बोलावलं. तिने गोष्ट कोरकूत सांगितली, मी तिच्यातले शब्द देवनागरीत फळ्यावर लिहीत गेलो. स्वतःचा शब्द फळ्यावर दिसल्यावर जी पोरगी महिनाभर बोलली नव्हती, ती उठून बोट ठेवायला आली. मी याला उपक्रम म्हणणार नाही. आमच्या पहिलीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

निवृत्त, वर्धा जिल्हा

साठच्या दशकात आमच्या शाळेवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी होती. रोज एक तास टकळीवर सूत कातायचा. चार फुटांचा तार, 160 तारांची लटी, चार लटींची गुंडी. चार गुणिले 160 म्हणजे 640, हे आम्ही सूत गुंडाळताना बोटांनीच शिकलो. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, अखंड धागा निघावा म्हणून श्वास रोखून धरायचो. पुढे पेळू येईनासे झाले, टकळ्या कपाटात गेल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

डिचोली, गोवा

आमची मराठी शाळा होती. चतुर्थीच्या आधी गुरुजी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांच्या सजावटीचं, सामान वर्गात आणायला सांगायचे. सुपारीचं शिपटं, आंबाडे, रानातली कांगलां. कुठल्या वाटेवर मिळालं, वेल की झाड, पक्षी खातात का, एवढं सांगितल्याशिवाय वहीत चित्र काढायचं नाही. परिसर अभ्यासाचं पुस्तक नंतर उघडायचं. कांगलांची वेल मी अजून लांबून ओळखते.

शिक्षक, नगर जिल्हा

दुसरी बाजूही लिहितो. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली तेव्हा वाटलं, आता लहान वर्गांना मोकळं होता येईल. पण मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिथे तिसरीपासूनच कार्यानुभवाचा आणि चित्रकलेचा तास सराव पेपरला दिला जायचा. वेळापत्रकावर मात्र तास तसेच लिहिलेले. मी दोनदा विचारलं, मग गप्प बसलो. ते गप्प बसणं चुकलं. पालकांना माझी विनंती आहे, सभेत 'उपक्रम का घेता' हे विचारा, तसंच 'कागदावरचा तास खरंच झाला का' हेही विचारा.

धागाकर्ती

सगळं वाचलं. सांगोल्याच्या बाईंचा अनुभव त्या वडिलांना फोनवर वाचून दाखवला. ऐकून घेतलं, फार काही बोलले नाहीत. काल शनिवारी शाळेत आले, परसबागेत गेले, गवारीच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. "इतकी दाट टोकली तर फुटणार कशी? वीतभर तरी सोडा," म्हणाले, आणि पोरांना वीत धरून दाखवली. बाईंनी लगेच पट्टी आणायला लावली. प्रत्येकाची वीत वेगळी भरली, त्यावर अर्धा तास गेला. पुढच्या शनिवारी ते दोरी आणि खुंट्या घेऊन येणार आहेत.