मदत हवी आहे: आठवीच्या ऐच्छिक वर्गात बुकबाइंडिंग कसं बसवावं?

शनिवारची_तासिका
नमस्कार मंडळी. जूनपासून आमच्या शाळेत आठवीला ऐच्छिक वर्ग सुरू होत आहेत. बुकबाइंडिंगचा वर्ग माझ्याकडे आहे. शनिवारी सलग दोन तासिका, म्हणजे ८० मिनिटं, असे ८ शनिवार. मुलं २४, शिक्षक मी एकटी. शिवणकाम येतं, बाइंडिंगचं पुस्तकी ज्ञान आहे. प्रत्येक मुलाच्या हातात शेवटी शिवलेली, पुठ्ठ्याची, नीट उघडणारी ए५ आकाराची वही असावी एवढंच ध्येय आहे. साहित्य किती आणायचं, कोणत्या शनिवारी काय घ्यायचं, आणि हमखास कुठे बिघडतं, हे जाणकारांनी सांगावं. शिवाय मुलं मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या मागे जाऊन विषय निवडतात, त्याला काही उपाय?

दोरा_दाभण
ताई, पहिल्यांदा कागद. बाकी सगळं नंतर. बाजारातल्या ए४ कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बहुधा लांब बाजूने असतो. तो मधे दुमडून ए५ केला की घडी ग्रेनला आडवी जाते. मग घडी खडबडीत येते, पानं फुगतात आणि वही कितीही दाबली तरी उघडी राहते. मुलांना वाटतं आपलंच चुकलं, आणि चूक असते कागदाची.

उपाय सोपा आहे. ए३ची रीम (५०० कागद) आणा आणि छापखान्यात मधोमध कापून घ्या. ए३चा ग्रेन लांब बाजूने असेल तर कापलेल्या ए४चा ग्रेन आखूड बाजूने येतो, म्हणजे घडीला समांतर. कापण्याआधी एक कागद तपासा: एका बाजूवर ओलं बोट फिरवलं की कागद गुंडाळतो, त्या गुंडाळीची नळी ज्या दिशेला तोच ग्रेन. ही चाचणी मुलांकडूनही करून घ्या, फार आवडते.

हिशेब असा: एका वहीला ६ फर्मे (एकात एक दुमडलेल्या कागदांचे जुडगे), प्रत्येकात ५ कागद, म्हणजे ए४चे ३० कागद, १२० पानं. २४ मुलांना ए३चे ३६० लागतील. पहिल्या दिवसाच्या छोट्या वहीला आणखी ६०. एका रीममध्ये ८० उरतात आणि ते चुकांना लागतातच.

पुठ्ठा दोन मिलिमीटर जाडीचा, २१६ × १४५ मिमी, ४८ तुकडे. हे मात्र बाइंडरकडून मशिनवर कापून आणा. आठवीच्या मुलांच्या हातात कटर देऊन जाड पुठ्ठा कापायला लावू नका: सुरी घसरते, आणि काटकोनही येत नाही. पुठ्ठ्याचाही ग्रेन उभा, कण्याला (वहीच्या शिवलेल्या बाजूला) समांतर हवा.

खळ_आणि_कापड
वरच्याशी सहमत. शनिवारांची आखणी मी अशी करेन.

पहिल्याच दिवशी घरी नेता येईल अशी वस्तू झालीच पाहिजे: ५ कागद, जाड कागदाचं आवरण, तीन भोकांची शिलाई. यात सुई कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते ते कळतं. दुसऱ्या शनिवारी ग्रेन आणि फर्मे दुमडणं. घडीवर चमच्याची पाठ फिरवावी, नखाने ओढू नये. तिसरा आणि चौथा शिलाईला. पाचव्याला कण्यावर फेव्हिकॉल, त्यावर मलमलची पट्टी, आणि जाड कागदाचं अस्तर (वही आणि पुठ्ठा जोडणारा आतला कागद). सहाव्याला पुठ्ठे, कण्याची पट्टी आणि कापड जोडून आवरण. सातव्याला वही आवरणात बसवून दाबाखाली. आठवा मोकळा ठेवा: शाळेच्या ग्रंथालयातली निखळलेली पुस्तकं दुरुस्त करायला द्या. शिकलेलं तिथे खरं कामाला येतं.

सगळ्यात जास्त वेळ शिलाई खाते. दोरा एका मुलाला साधारण दीड मीटर: २१ सेमी गुणिले ६ फर्मे, वर एक उंची. आदल्या दिवशी तुकडे कापून मेण लावून ठेवा, नाहीतर निम्मी तासिका गाठी सोडवण्यात जाईल. सुई गोधडीची. भोकं सुईने पाडायची नाहीत, दाभणाने. जुनी जाड डिरेक्टरी मधोमध उघडायची, फर्मा तिच्या खोबणीत अर्धवट उघडा ठेवायचा, पाच खुणांची कागदी पट्टी आत बसवायची आणि दाभण घडीच्या रेषेवर उतरवायचं. म्हणजे टोक बोटात न जाता डिरेक्टरीत जातं. काम नसताना टोकाला बूच.

दोरा ताणताना मुलं तो सरळ आपल्याकडे ओढतात आणि भोक फाटतं. कण्याला समांतर ओढायला सांगा, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. २४ जणांना एकटीने शिवायला शिकवता येत नाही. १२ जण शिवतील, १२ जण अस्तराचे कागद मापून रंगवतील, पुढच्या शनिवारी अदलाबदल.

पुठ्ठा_प्रेमी
आवरणाची मापं देतो. कण्याची पट्टी वहीची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी, म्हणजे इथे साधारण ७ + ४ = ११ मिमी. पट्टी आणि पुठ्ठा यांच्यात ८ मिमी जागा सोडा. ही कमी पडली तर वही उघडताना अस्तर फाटतं. कण्याचं कापड २४६ × ८० मिमी. पुठ्ठ्याच्या उरलेल्या भागावर साधा रंगीत कागद. जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद टाळा, खळीने नीट धरत नाही.

खळ ५० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात. पारदर्शक होईपर्यंत ढवळायची, गार करून गाळायची. काही बाइंडर कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, शाळेत अजिबात नको, विषारी असतं. एका दिवसापुरतीच करा, दुसऱ्या दिवशी वास येतो.

शनिवारची_तासिका
मनापासून आभार! पण जून-जुलैचा पाऊस आहे. दाबाखाली आठवडाभर ठेवलं तर? आणि निवडीचं राहिलं.

खळ_आणि_कापड
आठवडाभर बंद ठेवलं तर बुरशी येईल. वही चिकटवल्यावर पुठ्ठ्याला चिकटलेलं अस्तर आणि वहीची पानं यांच्यामध्ये कोरा कागद घाला, वर वजन, अर्ध्या तासाने तो कागद बदला. सोमवारी काढून उभी करून वाऱ्यावर ठेवा. पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला असेल तर आतलं अस्तर अजून वाळायचं आहे, ते वाळताना आत ओढतं आणि बरंच सरळ होतं. पावसात खळीत पाणी कमी, आणि कापडाला खळ-फेव्हिकॉल समप्रमाणात.

दोरा_दाभण
निवडीबद्दल: आधी प्रत्येक विषयाचं २० मिनिटांचं प्रात्यक्षिक सगळ्या तुकडीला दाखवा, मग चिठ्ठी वर्गात, एकेकट्याने, तीन पसंती क्रमाने. घरी नेऊ देऊ नका. ज्याला पहिली पसंती मिळाली नाही त्याचं नाव पुढच्या सत्रात वर. बदल दुसऱ्या शनिवारपर्यंतच. आणि 'शिलाई मुलींची, वायरिंग मुलांचं' हे प्रात्यक्षिकातच मोडायचं, तिथे दाभण मुलाच्या हातात द्या.

मुख्याध्यापकांना पटवायला पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम दाखवा. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या या संस्थेचा आठवी ते दहावीचा तंत्रज्ञान अभ्यासक्रम हातकामावरच उभा आहे. गुण देऊ नका. वही मधल्या पानावर उघडून टेबलावर ठेवा. सपाट पडली तर शिलाई जमली, अर्धवट उभी राहिली तर दोऱ्याचा ताण जास्त झालाय. मग तिथपर्यंत उसवून पुन्हा शिवावं लागतं, म्हणून हे चौथ्याच शनिवारी, कण्याला फेव्हिकॉल लावायच्या आधी तपासा.