सोरॉरिटीला मराठीत काय म्हणावं?

सांजवात: माझी भाची अमेरिकेत शिकते. परवा तिनं माझ्या आईला फोनवर सांगितलं, "आजी, मी सोरॉरिटीत गेले." आईला वाटलं, पोरीनं वसतिगृह बदललं. मी 'मुलींचं मंडळ' असं समजावलं, तर म्हणाली, "मंडळात जायला आठवडाभर भेटीगाठी कशाला?" फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, म्हणजे तिकडच्या कॉलेजांतल्या मुलांच्या आणि मुलींच्या, पारखून सदस्य घेणाऱ्या संघटना. त्यांना चपखल शब्द सुचवा. आणि त्यात जाऊन पोरीचं भलं काय होणार, तेही आईला पटेल असं सांगा.

कऱ्हाकाठ: दोन्ही शब्द लॅटिनमधले. फ्रातेर म्हणजे भाऊ, सोरोर म्हणजे बहीण. संस्कृतातले भ्रातृ आणि स्वसृ याच कुळातले, त्यामुळे 'भ्रातृसंघ' व्युत्पत्तीनं अगदी बरोबर. 'भगिनी मंडळ' मात्र नको, ते ऐकलं की डोळ्यांपुढे हळदीकुंकू आणि शिवणवर्ग येतात.

सोरॉरिटी हा शब्द तसा उशिरा आला. १८७० साली निघालेली मुलींची कप्पा अल्फा थीटा स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत होती. १८७४ साली सिरॅक्यूस विद्यापीठात गामा फाय बीटा निघाली. पुढे तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी मुलींसाठी हा वेगळा शब्द सुचवला. अशा संघटनांना ग्रीक अक्षरांची नावं द्यायची चाल त्याहून जुनी आहे. १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कप्पा निघाली. ती तीन अक्षरं एका ग्रीक बोधवाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं आहेत.

देशांतर: व्युत्पत्ती मान्य, पण 'संघ' कोरडा वाटतो. सांजवातताई, तुमच्या आईंसाठी शब्द आपल्या बोलीतच आहे: मानलेल्या बहिणी. रक्ताचं नातं नाही, पण एकदा मानलं की निभवायचं.

मी तिकडे शिकायला गेले तेव्हा तीस हजार मुलांच्या विद्यापीठात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सोरॉरिटीत गेल्यावर पन्नास जणी ओळखीच्या झाल्या. परीक्षेआधी एकत्र बसून अभ्यास, आजारी पडले तर दाराशी सूप. दुसऱ्या वर्षी मला खजिनदार केलं, तेव्हा वर्षाचा जमाखर्च मांडायला शिकले. वर्गात ते कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या अर्जावर आधीच्या तुकडीतल्या एका मुलीनं तासभर बसून लाल शाई फिरवली. आम्ही एका अनाथालयासाठी निधीही गोळा करायचो.

नव्या मुलीला तिथे एक 'बिग' मिळते, म्हणजे थोरली, आणि नवी ती तिची 'लिटल'. बिगला मी मनात कायम पाठराखीण म्हणत आले. नव्या घरी निघालेल्या मुलीसोबत जाणारी, ती रुळेपर्यंत तिच्यापाशी राहणारी.

आणि हे सगळं फक्त गोऱ्या मुलींचं आहे असंही नाही. अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची सोरॉरिटी हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली निघाली, कमला हॅरिस तिच्याच सदस्य. दक्षिण आशियाई मुलींची डेल्टा फाय ओमेगा १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात सुरू झाली.

कऱ्हाकाठ: पाठराखीण! हा शब्द मला सुचला नसता. माझा आग्रह मागे घेतो.

पण आजींना दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्गणी बरीच असते, ती आधी विचारून घ्यावी. आणि 'हेझिंग' या शब्दाकडे लक्ष असू द्या. आपण त्याला सरसकट रॅगिंग म्हणतो, पण फरक आहे. रॅगिंग कॉलेजात नुसतं पाऊल टाकलं म्हणूनही होतं. हेझिंग म्हणजे 'आमच्यात यायचं तर हे सोस', आपलेपणाची किंमत म्हणून घेतलेला छळ. म्हणून तो जास्त फसवा, कारण सोसणाऱ्याला तो आपल्याच मर्जीनं वाटतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. अमेरिकेत महाविद्यालयांना हेझिंगच्या घटना जाहीर करायला लावणारा केंद्रीय कायदा २०२४च्या डिसेंबरात आला.

देशांतर: खरं आहे. मान खाली घालायला लावतात ते नातं मानलेलं नाही. भाचीला तसं काही सांगितलं गेलं, तर तिनं त्याच दिवशी बाहेर पडावं.

सांजवात: दोघांचे मनापासून आभार. आईला 'मानलेल्या बहिणी' म्हटल्याबरोबर कळलं. पाठराखीण ऐकल्यावर तिनं लगेच भाचीला फोन लावून त्या मुलीचं नाव विचारून घेतलं. दिवाळीच्या फराळाचे आता दोन डबे जाणार आहेत.

एक शब्द राहिला. पक्की सदस्य होण्याआधीच्या मुलीला तिथे 'प्लेज' म्हणतात. 'उमेदवार' निवडणुकीतला वाटतो. कुणाला काही सुचतंय?