पाडकामापूर्वी जुन्या दवाखान्याची पाहणी

तापीकाठ : धुळे जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी काळ्या दगडातला, मंगलोरी कौलांचा एक दवाखाना कित्येक वर्षे बंद असून तो लवकरच पाडला जाणार आहे. कोनशिलेचा बराचसा भाग चुन्याखाली गेला आहे; 'पश्चिम खानदेश' आणि 'लोकल बोर्ड' एवढेच शब्द वाचता येतात. काम सुरू होण्याआधी आम्हा दोघा मित्रांना आतून छायाचित्रे घ्यावयाची आहेत. परवानगी कोणाची घ्यावी आणि आत काय सांभाळावे?

निवृत्त शाखा अभियंता : खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे 1906 साली झाले आणि 1960च्या सुमारास ती नावे बदलली, त्यामुळे कोनशिला त्या दरम्यानची म्हणता येईल. लोकल बोर्डांच्या जागी 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. तेव्हा इमारत पुढे शासनाकडे वर्ग झालेली नसेल, तर अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे करावा. कार्यारंभ आदेश निघाला असेल तर ठेकेदाराचीही लेखी संमती घ्यावी. चौकीदाराला चहापाणी देऊन आत शिरणे म्हणजे परवानगी नव्हे.

खरा धोका माडीचा आहे. सागवानी तुळई मधोमध ठणठणीत दिसते, पण कौले फुटून भिंतीत पाणी मुरले की तिचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते. त्या टोकाशी हातोडीने ठोकून पाहा. आवाज भद्द आला तर त्या खोलीत वर जाऊ नका आणि खालीही उभे राहू नका.

क्ष-किरण तंत्रज्ञ, जळगाव : जुने क्ष-किरण यंत्र दिसले तर घाबरू नये, कारण वीजपुरवठ्याशिवाय त्यातून किरण निघत नाहीत. कर्करोगावरील उपचारयंत्रांतील किरणोत्सारी स्रोताची गोष्ट मात्र निराळी. ब्राझीलमधील गोइयानिया येथे 1987 साली बंद पडलेल्या उपचारकेंद्रातून असा स्रोत भंगारात गेला आणि चार जण दगावले. तालुक्याच्या दवाखान्यात असे यंत्र असणे संभवत नाही. तिथे भीती फुटलेल्या काचनळ्यांची, सुयांची आणि रक्तदाबमापकातून सांडलेल्या पाऱ्याची आहे. जाड तळाचे बूट घालावेत, आणि वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोल्यांत मुखपट्टीशिवाय जाऊ नये. केसपेपर सापडले तर रुग्णांची नावे छायाचित्रांत येऊ देऊ नयेत.

धुळेकर वाचक : कोनशिला मलब्यात जाऊ नये म्हणून ती सुटी काढून ठेवण्याची विनंती अर्जातच करा. ती ठेवण्याबाबत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारून पाहता येईल.

तापीकाठ : आभारी आहे. कोनशिलेची विनंती अर्जात घालतो. माडीवर मात्र जाणार नाही, बाहेरच्या जिन्यावरून दिसेल तेवढेच टिपू.