आततायी म्हणजे नुसता उतावळा नव्हे
'आततायी म्हणजे उतावळा' असा अर्थ काही जण लिहितात, तो मला अर्धाच पटतो. शब्द संस्कृतातला, आतत म्हणजे ताणलेलं, म्हणजे धनुष्य ताणून मारायलाच निघालेला माणूस. गीतेत पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, आणि जुन्या धर्मशास्त्रात आततायी सहा, आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन, जमीन नाहीतर बायको पळवणारा. म्हणजे ज्याचं समर्थनच होऊ शकत नाही असं वागणं. मराठीत त्याची धार कमी झाली. आमच्या खानापूरकडं आज्जी बांधावरच्या भांडणात कुऱ्हाड उचलणाऱ्याला "आततायीपणा करू नकोस बाबा" म्हणायची, तिथं मला जुना अर्थ अजून जिवंत वाटतो, म्हणून नुसतं 'उतावळा' लिहून हा शब्द मिटवू नका.