मदत हवी आहे: ४५ एचपी ट्रॅक्टरला ट्रॉली दोनचाकी घ्यावी की चारचाकी?

नमस्कार भाऊ. आमचं वावर हिंगणघाट तालुक्यात, जमीन काळी. एकाच ट्रॉलीत कापूस, सोयाबीनचे कट्टे, शेणखत आणि अधूनमधून मुरूम न्यायचा आहे. कापूस हलका पण जागा खातो, त्याला उंच जाळी पाहिजे. मुरूम अर्धी ट्रॉली भरला तरी वजन भारी, त्याला जाड पत्र्याची ठेंगणी बॉडीच बरी. दोनचाकीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, म्हणून चिखलात पकड मिळते आणि रिव्हर्सही सोपा जातो. माझा कल तिकडंच आहे. हायड्रॉलिक तर घेणारच, खत उतरवायला मजूर भेटत नाही. काढता-घालता येणारी जाळी कुणी बसवली आहे का? कापूस भरल्यावर वळणावर ट्रॉली झुकते का? ट्रॅक्टर बहुतेक बाबा चालवतात, म्हणून ट्रॉलीच्या ब्रेकबद्दलही नक्की सांगा.